दुसरी मदार

लॉट क्रमांक सदतीस. पिवळा तेलाचा टँकर,
ओतीव धातूचा, माझ्या तळहाताएवढा.
रबरी चाकं आठही शाबूत, शिडीला गंज नाही,
खोका मूळचा, झाकणाचा एक कोपरा दबलेला.
भिंग खाली ठेवून मी लिहिते : न खेळलेला.
या एका शब्दाला इथे दुप्पट भाव येतो.

लॉट अडतीस. त्याच खोक्यासाठी काढलेलं मूळ चित्र.
जाड पुठ्ठा, जलरंग, चित्रकार अज्ञात.
सतत पाऊस पडणाऱ्या कुठल्या तरी गावात
खिडकी बंद करून त्याने वाळवंट रंगवलं.
वाळू हळदीची, आभाळ निळीच्या पाण्याचं,
टँकर धुरळा उडवत निघालेला
आणि मागे, मान वळवून त्याच्याकडे बघणारा
एक उंट.
दोन मदारींचा.

समासात पेन्सिलीचं तिरकं अक्षर, वरच्या साहेबाचं :
तिकडच्या उंटाला एकच असते. काढून टाका.
छापील खोक्यावर उंट नाही.
तिथे खजुराचं झाड आहे, घाईत लावलेलं,
सावली द्यायची राहूनच गेली.

हा संग्रह हाजी मक्कींचा.
मनामाच्या बाजारात चाळीस वर्षं
फॅनबेल्ट, गॅस्केट, हेडलाइटच्या काचा विकल्या,
आणि सगळ्यात वरच्या फळीवर ही खेळणी,
नातवंडांचा हात पोचणार नाही अशी.
आता का विकताय, मी विचारलं.
करकचा घोट घेऊन म्हणाले,
आता माझाही पोचत नाही.

माझे बाबा सावंतवाडीला लाकडी फळं रंगवायचे.
पांगाऱ्याचं लाकूड, लाखेची चकाकी,
आंबा, काजू, रामफळ तर डोळे मिटून.
एका गिऱ्हाइकाने स्ट्रॉबेरी मागितली.
बाबांनी ती पाहिली होती जॅमच्या बाटलीवर फक्त.
केली आंब्याएवढी.
तीन दिवस बसून एकेक बी टिपली.
गिऱ्हाईक पोट धरधरून हसलं,
चार रुपये कमी देऊन घेऊन गेलं.
बाबा काही बोलले नाहीत. ब्रश धुतला.
पुढच्या सगळ्या स्ट्रॉबेऱ्या बोराएवढ्या झाल्या.
ती पहिली असेल कुणाच्या शोकेसमध्ये,
नाहीतर बंबात गेली असेल केव्हाच.

अदलियाच्या त्या थंडगार हॉलमध्ये
नवालने हातोडी उचलली.
टँकर नऊशे दिनारला, फोनवर, दोह्याला.
मग पडद्यावर चित्र आलं.
आधी दुसऱ्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं,
मग रांगच्या रांग,
उंटांच्या पिढ्या सांगणारी माणसं ती,
डोळे पुसत हसली,
आणि हसता हसता हात वर करू लागली.
हजार. चौदाशे. दोन हजार. एकवीसशे.
सगळी मदार त्या दुसऱ्या मदारीवर.
चौतीसशेला हातोडी पडली.
घेणारी बाई मस्कतची. पेशाने डॉक्टर,
उंटांची.

बांधताना मी तिला विचारलं,
समासातली पेन्सिल पुसून देऊ?
सहज निघेल, कागदाला धक्का न लागता.
तिने वाकून ती ओळ वाचली,
अनोळखी पेशंटचा कागद वाचावा तशी.
राहू दे, म्हणाली.
त्याचंही बरोबरच होतं.

रात्री गावी फोन लावला.
बाबांना आता कमी ऐकू येतं,
दोनदा ओरडून विचारावं लागलं :
त्या मोठ्या स्ट्रॉबेरीला बिया किती होत्या हो?

दोनशे अकरा, ते म्हणाले. लगेच.
मग थोडं थांबून,
का गं? कुणी मागितली?