पंचफुलाबाईची जास्वंद

हातपंपाच्या सांडपाण्यावर
माजलेली ती जास्वंद
पंचफुला खोब्रागडेची.
तिच्या घरात देव नव्हते,
भिंतीवर बुद्ध, कोनाड्यात मेणबत्ती.
आणि बोरखेडीतले सगळे गणपती
तिच्याच कुंपणावर लाल व्हायचे.

पहाटे पाचला मी जायचो
आत्याची वायरची पिशवी घेऊन,
चपला हातात.
देठ तुटताना टच् व्हायचं,
तेवढंही अख्ख्या गल्लीभर.

एकदा अंधारच बोलला:
"तोडजो बापू, पन कळ्या ठेवजो.
उद्याच्या चोराले काय देऊ मंग?"

आत्याने विचारलं नाही, कोणाकडची.
नुसतं पाणी शिंपडलं.
पाण्यानं सगळं शुद्ध होतं, म्हणायची,
फुलांपुरतंच म्हणायची.

आता सातवीच्या वर्गात
मी ब्लेडने जास्वंद उभी चिरतो.
हा निदलपुंज, हा दलपुंज,
मधल्या दांडीला चिकटलेली पिवळी पूड,
टोकाला पाच मखमली ठिपके,
पोरं एकमेकांच्या नाकाला लावतात.

मागच्या बाकावरून
खोब्रागडेची नात उभी राहते,
"सर, हे आमच्या झाडाचं हाय."
वर्ग गप्प.
खडू माझ्या हातात, फळ्याकडे पाठ.
"हो," म्हणतो, "तिथलंच."

ती बसता बसता म्हणते,
"आजीनं आवाज ओयखला, सर.
म्हने, येऊ दे,
तो कळ्या ठेवते."

मधल्या सुट्टीत हातपंपावर गेलो.
जास्वंदीची बुळबुळ
दोनदा धुतली,
बोटांवरून गेली नाही.