शुक्रवारची वाकळ

बाहेर सेहेचाळीस, आत एसी अठरावर,
म्हणून तर रुवीतही वाकळ लागते.

रात्री एकटीच धावदोरा घालते.
टाका वाकडा गेला तर जाऊ देते,
तो बिचारा कुठे जाणार आहे?

शुक्रवारी नफिसा येते, दापोलीच्या हेलात बोलत,
मागून लीलाम्मा, डोक्यावरचा चष्मा शोधत.
तीन कोपरे आमचे,
चौथ्यावर इस्त्री.

ह्यांच्या युनिफॉर्मचा निळा, नफिसाच्या ओढणीची किनार;
लीलाम्माच्या मुंडूची जर बोचते,
म्हणून ती पायाकडे.

मध्येच सुई हरवली.
खजूर बाजूला ठेवून तिघी रांगलो गालिच्यावर,
हसून हसून कुणालाच उठता येईना.

सापडली सोमवारी, माझ्याच टाचेत.
फोन केला दोघींना. आधी हसल्या,
मग विचारलं,
दोरा ओवलेला होता का?