सा हलवताना

सेवेरिना मिसच्या पियानोच्या पोटात
चाळीसचा एक बल्ब बारा महिने जळतो.
खाऱ्या हवेनं तारा गंजू नयेत म्हणून.
तरी मधल्या सप्तकातला कोमल गंधार गेलाच;
पट्टी दाबली की नुसतं लाकूड बोलतं.

मी पेटीवाला. दशावतारात बत्तीस वर्षं.
उभादांड्याच्या वळणावर टपरी,
भाते बदलतो, सूर लावून देतो.
मिसची पायपेटी दुरुस्त केली
आणि मजुरी नको म्हटलं, ते शिकवा,
मघाशी वाजवलंत ते,
ज्याच्यानं खळ्यातली कोंबडी
एक पाय वर धरून थांबली.

'डिमिनिश्ड सेव्हन्थ,' त्या म्हणाल्या,
आणि माझी बोटं पट्ट्यांवर मांडली,
बांगडे वाळत घालावेत तशी, सारख्या अंतरानं.
सा. दोन सोडून कोमल ग.
दोन सोडून तीव्र म. दोन सोडून ध.
आणखी दोन सोडल्या की परत सा.

'आता सांग, यात यजमान कोण?'
सा, मी म्हटलं. दुसरं कोण असणार?
त्यांनी सा उचलून वरच्या टोकाला नेला.
अंतरं तीच.
मग ग नेला. तरी तीच.
चार भाऊ, चौघांचा हिस्सा सारखा,
सातबाऱ्यावर कुणाचंच नाव आधी नाही.
'असे किती?'
'तीनच. चौथा मांडायला जाशील तर पहिलाच निघेल.'
रात्री पेटीवर मोजून पाहिलं.
खरंच तीन. इतकी वर्षं बोटांखालीच होते.

मग पंधरा दिवस मी ते सगळीकडे वाजवलं.
आरतीत. गजरात. बुवा मान वळवून बघायचे.
मिसना सांगितलं तर म्हणाल्या,
'बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती घालतोस?'
चार-पाच.
'मूठभर नाही ना?'

पुढचा धडा:
'चारातला कुठलाही एक अर्धा सूर खाली आण,
बाकीच्यांना हात लावू नकोस. घर उघडेल.'
ध कोमल केला, कोमल रिषभाच्या दारात उतरलो.
म शुद्ध केला, कोमल निषाद.
ग खाली आणायचा तर ग वाजायला हवा;
तो मिसनी गुणगुणून दिला,
मी रे दाबला, आणि पंचमाच्या ओट्यावर टेकलो.
'आता सा.'

मी हात मांडीवर घेतला.
मिस, सा हलत नाही.
सगळे हलतात, सा हलत नाही.
पहिल्या दिवशी हेच शिकलो,
नारळ फोडायच्याही आधी.

त्या काही बोलल्या नाहीत. खिडकीकडे हनुवटी केली.
खाडीत भरती संपली होती, सुकती लागायची होती.
नांगरलेल्या होड्या दोरांवर सैल,
एकीचं नाक पुलाकडे, एकीचं माडांकडे,
एक आमच्याकडेच बघत होती.
'विचार त्यांना, समुद्र कुठल्या बाजूला.'

मी सा चा नी केला.
शुद्ध गंधारावर जाऊन पोचलो,
जिथं मी रोज जातो, पण पाहुणा म्हणून.
आज पाट मांडलेला होता.
बराच वेळ बोट उचललं नाही.

जत्रेत, पहाटे तीनला,
आमचा राजा भिकाऱ्याच्या वेषात
राणीपुढे झोळी पसरून उभा.
त्यानं तोंड उघडलं आणि मी चार पट्ट्या दाबल्या.
पखवाज थांबला. झांज थांबली.
राजा तसाच. त्याला शब्द सापडेना,
आणि त्या न सापडण्यात लोक पुढं सरकले.
चारही दारं माझ्या बोटांखाली.
सा ला हात लावला नाही. अजून नाही.
ग खाली घेतला, आणि तो बोलू लागला.

उजाडताना चहाच्या गाडीवर,
अर्धा रंग पुसलेला राजा म्हणाला,
'रात्री काय वाजयलंस रे?
माका वाटला, माजा घर खंयचा ता इसारलंय.'
मी म्हटलं, चार होती.
तो हसला नाही.
चहाचे पैसे मात्र त्यानंच दिले.