एकीचं टेबल

"मॅडम, किती जण?"
"एक."
"बाकीचे मागून येतायत?"
"नाही."

रुमालांचे हंस होते दोन.
समोरचा त्याने मानेला धरून उचलला,
ग्लास नेला, सुरी नेली.
खुर्ची तेवढी राहिली.
मी तिच्यावर पर्स ठेवली.

मासा आला. कुठला ते कळेना,
काटे काढलेला, लिंबाखाली आडवा.

माझगावात करली असली की
तास जायचा मला जेवायला.
सासऱ्यांची तुकडी सोडवा, मग लेकीची,
मग यांची. पेपरातून मान वर न काढता
"झाली का?"
माझी शेवटी. गार.

इथे दहा मिनिटांत ताट रिकामं.
हातांना कामच नाही.

बॅलार्ड पिअर केव्हाच मागे पडलं.
काचेत दीपगृहाचा दिवा
लागला, गेला,
पुन्हा लागेपर्यंत मी आकडे मोजले.
पलीकडे कुणाचातरी वाढदिवस. टाळ्या.
मीही वाजवल्या, का कोण जाणे.

तो परत आला. छातीवर नाव, आग्नेलो.
"आवडलं नाही?"
"करली मिळेल उद्या? काट्यांसकट?"

इकडेतिकडे बघून तो वाकला,
"करली वर नाही येत, मॅडम.
ती आम्ही खातो. खाली."

मी पर्स उचलली.
"किती मजले?"