पाळण्यातले पाय

नेरूळच्या स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर
शंभराच्या तिकिटात दोन मॅचा.
ऑक्टोबरचा उकाडा, शर्ट पाठीला चिकटलेला,
आणि खाली दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात
सतरा वर्षांखालची पोरं,
राष्ट्रगीताला छातीवर हात ठेवून
थुंकी गिळणारी.

शिट्टीआधी निवडायचा, हा आमचा नियम.
थंकच्चन सेक्टर अठरातलं टायरचं दुकान
पोरावर सोडून आला होता, वही मांडीवर.
त्याने दहा नंबर धरला.
सगळ्यांनीच दहा नंबर धरला होता:
केस पिवळे, बूट पिवळे,
सरावातच चेंडू मानेवर झोपवणारा.

मी तुर्भ्याला आंबा निवडतो.
सव्वीस वर्षं.
मला रंग दाखवू नका.
मी देठाजवळचे खांदे भरलेत का बघतो
आणि शंका आलीच तर पाण्याची बादली.
तरंगतो तो कोवळा.
बुडतो तो पिकणार.

म्हणून मी समोरच्या संघातला चौदा धरला.

खेळात पार बुडालेला होता तो.
पंधरा मिनिटं कुणाला दिसलाच नाही.
किडकिडा, मोजे घसरलेले,
देशाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.
पण चेंडू यायच्या आधी मान वळवायचा,
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
पामबीच रोड ओलांडणाऱ्या शाळकरी पोरासारखा,
आणि चेंडू आला की
त्याला काही शोधावंच लागत नसे.

"अकरा वेळा बघितलं त्याने," थंकच्चन म्हणाला.
लबाड, तोही मोजत होता.

चाळिसाव्या मिनिटाला चौदाने पास दिला
जिथे कुणीच नव्हतं.
नुसतं गवत.
दोन सेकंदांनी तिथे पोचायला हवा होता तो गडी
कमरेवर हात ठेवून उभा.
चेंडू रेषेबाहेर. सगळ्या स्टेडियमचं अर्रर्र.
महापालिकेच्या शाळांतून आणलेली पोरं खिदळली.
आम्ही दोघे उभे राहून टाळ्या वाजवत होतो.
पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून विचारलं,
तुमच्यातला आहे का कुणी?

थंकच्चनने वहीत मल्याळममध्ये लिहिलं
आणि मला मराठीत वाचून दाखवलं:
चौदा. चुकला नाही. लवकर होता.

साठाव्या मिनिटाला काढलाच त्याला.
तीन-शून्य. त्यातले दोन पिवळ्या बुटांचे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
दिसतात. मी नाही म्हणत नाही.
माझेही दिसले होते पांगम मास्तरांना,
करावे गावाच्या खाडीकाठी, दोन चपलांच्या गोलपोस्टमध्ये.
हा लांब जाणार, म्हणाले होते.
करावे ते तुर्भे.
सायकलने चाळीस मिनिटं.

पाळण्यात डोकावायला सगळं गाव येतं.
पुढे आढी कोण लावतं, पेंढा कोण पसरतो,
रोज उघडून दाबून बघायचं नाही
हे कुणाला कळतं,
त्यावर म्हण नाही.

सहा हंगाम गेले.
दहा नंबरचे टी-शर्ट वाशीच्या फुटपाथवर
वर्षभर मिळत होते, मग मिळेनासे झाले.
थंकच्चन रविवारी रात्री दुकान लावून घेतल्यावर
जगभरच्या संघांच्या याद्या चाळतो,
बायको म्हणते, लग्नाची मुलगी असल्यासारखा.

गेल्या फेब्रुवारीत, रात्री दीड वाजता,
देवगडची गाडी रिकामी होत असताना फोन वाजला.
"सापडला! बर्फाचं गाव आहे कुठलंतरी.
दुसरी डिव्हिजन. नाव तेच, जन्मतारीख तीच."

खेळला?

"नाही. बाकावर आहे."

हातात फळ होतं. हिरवं, दगडासारखं, जड.
पेंढ्यावर ठेवलं, देठ खाली करून.
बसू दे, म्हटलं.
बघत असेल.