पाहुणा तारा, दक्षिणेस

अकराव्या महिन्यात, मध्यरात्रीच्या प्रहरी,
खायफंगच्या वेधमाळ्यावर माझी पाळी होती.
शाई गोठू नये म्हणून दौत काखेत धरली होती
आणि दक्षिणेच्या कौलांवर, जेमतेम दोन विती वर,
कालपर्यंत नसलेला एक तारा दिसला.

नियम असा, की पाहुणा आला
म्हणजे तो कुणाच्या दारी उतरला ते लिहायचं.
वर सगळ्यांची घरं ठरलेली आहेत.
उत्तरेला सम्राट, भोवती जांभळी भिंत,
आत युवराज, राण्या, चिटणीस, मुदपाकखाना.
पलीकडे बाजार, त्यात धान्याची मापं, खाटकाचं दुकान.
तुरुंगही आहे. तो ओस पडला तर राज्यात सुख.
चहाडीचा म्हणून एक तारा आहे
आणि त्याच्या लगत, मुडपलेली जीभ.
पहिल्यांदा वाचून मी हसलो होतो.
कचेरीत एक वर्ष काढल्यावर हसू थांबलं.

माझा पाहुणा सम्राटाकडे गेला नव्हता,
सेनापतीकडेही नाही.
तो उतरला होता आभाळाच्या संडासात.
चार तारे, चौकोनी. त्यांच्या खाली एकटाच एक,
त्याचं नाव, जसं पोथीत आहे तसं: गू.

तुआनसाहेब आले, अस्तन्यांत हात खुपसून.
बराच वेळ माझा कागद वाचत राहिले.
‘हे सकाळी दरबारात वाचणार,’ म्हणाले, ‘न्याहारीनंतर.
संडासासमोर दोन ताऱ्यांचा पडदा आहे ना?
लिहा: पडद्याशेजारी.’
मी लिहिलं, पडद्याशेजारी.

पोथ्या सांगतात, पुरातन ज्ञान्यांनी
वर पाहिलं आणि नावं ठेवली.
नावं ठेवायला काय लागतं!
पण सूप म्हणून चार तारे आहेत,
चंद्र तिथे पोचला की वारा सुटतो म्हणतात;
हे ज्याला सुचलं
त्याच्या डोळ्यांत कधीतरी कोंडा गेला असणार.
ज्ञानी कुठे बसतात पाखडायला?

माझा बाप लोयांगमध्ये मैला वाहायचा.
परीक्षेच्या अर्जात मी लिहिलं, ‘खताचे व्यापारी’.
तोही एक पडदाच.
पहाटे वेशीचं दार उघडेपर्यंत तो कावड टेकवून उभा राहायचा,
दक्षिणेकडे तोंड करून.
‘पिवळा आहे,’ म्हणायचा, ‘वर्ष बरं जाईल.’
मला वाटायचं, थंडीनं बरळतोय.
पुढे तेच वाक्य मी रेशमी बासनातल्या पोथीत वाचलं:
तो तारा पिवळा तर प्रजा निरोगी,
निळसर पांढरा तर रोगराई.

बापाला अक्षरओळख नव्हती.
बादलीत पाहून तो सांगायचा
कुठल्या गल्लीत हगवण शिरलीय,
कुठल्या घरात महिनाभर भाताचं शीत पोटात गेलेलं नाही,
कुठे लपवून मांस खातात.
शेतकरी सोनखत म्हणत, पैसे मात्र तांब्याचे देत.
कुणीतरी असाच, फार पूर्वी,
वेशीबाहेर थांबला असेल,
वर सगळ्यांना जागा मिळालेली बघून
म्हणाला असेल, मग माझं काय?

त्या ताऱ्याच्या आसपास, अगदी क्षितिजाशी,
आणखी तीन नावं आहेत. तुआनसाहेब ती कधी तपासत नाहीत.
म्हातारा. मुलगा. नातू.
प्रत्येकाचे तारे दोन-दोनच,
खांद्यावरच्या कावडीला असतात तेवढे.

अहवालात रंगाचा एक रकाना असतो.
तिथे मी दिसलं तेच लिहिलं: पिवळा.
तेवढं कुणी बदललं नाही.

उजाडताना जिना उतरलो.
बोळातून कावड करकरत येत होती.
मी नाकाला अस्तनी लावली नाही, उगाच उभा राहिलो,
काहीतरी विचारावंसं वाटत होतं त्याला.

‘बाजूला व्हा साहेब,’ तो म्हणाला,
‘सांडेल.’