जाड बुडाची टोपली

टोपल्या बापाने विणल्या, ओल्या बांबूच्या.
दोन नग, तीन आणे. बूड जरा जाड ठेव,
असं ओगले मास्तर दोनदा सांगून गेले.
बापाला वाटलं, कॉलेजात कोंबड्या पाळणार.

पांझरेच्या काठी ट्रेनिंग कॉलेज. साल तेरा.
उद्याचे मास्तर धोतराचा काचा मारून
एका चामड्याच्या बॉलमागे धावत,
आणि मी दहा फूट वर, खांबाच्या आडव्या फळीवर,
कारण बॉल आत गेला की तो काढायला कुणीतरी लागतं.
पलीकडच्या टोकाला माझा चुलतभाऊ सुका.
तो बहुतेक झोपलेला असे.

खालून ओरडत, गया का रे मझार?
मी टोपलीत वाकून सांगे, गया.
पंच माझ्या तोंडाकडे बघून वहीत रेघ ओढे.
माझ्या हातचं पाणी त्यांच्यात कुणी घेत नसे.
बॉल घेत.

वरून सगळं दिसायचं. लळिंगचा किल्ला,
आग्रा रोडवर कापसाच्या गाड्या,
आणि जिनाची शिट्टी झाली की
गजमल पाटलाची मान तिकडे वळलेली.
वेडू कोठावदेच्या हातात बॉल गेला
की उधारीसारखा, परत मिळायचा नाही.
हिलाल शिंपी डावखुरा.
तो न बघता टाके, सुई ओवावी तसा.

पारोळ्याला चार-एकने हरवलं.
चाळीसगावचे नियम न वाचता आले,
हुतुतूसारखा दम धरून घुसले, तरी हरले.
अमळनेरच्या वेळी बॉल काठावर येऊन बसला,
ना आत ना बाहेर, अख्खं मैदान गप्प.
मी फक्त रोखलेला श्वास सोडला.
गया.

माघात भांडारात उंदीर पडला.
खेळ चालू होता, घंटा व्हायला लागली ती थांबेचना.
हिलालचा बॉल तेव्हा हवेत होता.
मीही उडी मारून पळालो.
गाव शेतांत झोपड्या घालून राहिलं,
आम्ही त्याच्याही पुढे, नाल्यापलीकडे.
चाळीस दिवसांनी खांबावर चढलो.
बॉल टोपलीत होता, हवा गेलेला,
त्याच्यावर चिमणीने कापूस आणून टाकलेला.
हिलाल नव्हता.

भुसावळला तरीही गेलो.
पत्र आधीच गेलं होतं.
गाडीत कळण्याची भाकर, ठेचा,
मी दाराशी, दोन्ही टोपल्या मांडीवर.
रेल्वेच्या मैदानात लोखंडी कडं होतं,
कड्याला जाळी, जाळीला बूडच नाही.
सवयीने मी खांबाला हात घातला,
तसा इंजिनवाल्या साहेबाचा पोरगा खो खो हसला.
बॉल वरून शिरे, खालून निघून जाई,
घरात कुणी नसल्यासारखा.
कुणी वर बघेना. कुणी विचारेना.
सतरा-पाच.
आमचे पाचही असेच घरंगळून गेले,
माझा हात एकालाही लागला नाही.

परतताना ओगले मास्तर वही उघडून बसले,
दिव्याखाली हंगामाची बेरीज.
एका पानावर थांबले, बराच वेळ.
मग दाराकडे बघून म्हणाले,
चिंधा, तो हिलालचा?
आत्तापर्यंत मी नुसता 'ए, वरचा' होतो.
गया, मी म्हणालो.
रेघ ओढताना गाडी हलली. वाकडी आली.
खोडली नाही त्यांनी.

पुढच्या वर्षी आमच्याकडेही कडी आली.
घरी येऊन बापाला सांगितलं,
आता टोपलीला बूड लागत नाही.
तो सूप विणत होता, विणत राहिला.
एक पट्टी दाताने ओढून बसवली,
मग म्हणाला,
तर मग तिच्यात ठेवतात काय?